खिशातला चाकू, पुसलेला ठसा

वडील गेल्यानंतर दीडेक महिन्याने आम्ही भावंडांनी त्यांची लाकडी पेटी उघडली. पोस्टाची जुनी पासबुके, विम्याच्या पावत्या, तुटक्या काडीचा चष्मा, जमिनीच्या कागदांची पुरचुंडी आणि अगदी तळाशी, धोतराच्या जुन्या फडक्यात गुंडाळलेला एक चाकू. मिटलेला असताना जेमतेम चार बोटे लांब. काळपट शिंगाची मूठ, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या, आत एक मोठे आणि एक छोटे अशी दोन पाती. जमिनीचे कागद कुणाकडे राहावेत यावर बराच वेळ बोलणे झाले. चाकू मात्र मी उचलला तेव्हा कुणी वर पाहिलेदेखील नाही.

आमचे वडील कोकणातल्या एका खेड्यात प्राथमिक शाळेचे मास्तर. कोटाच्या डाव्या खिशात हा चाकू नेहमी असायचा. शाळेत मुलांचे बोरू ते स्वतः तासून देत. बोरूचे टोक तिरके कापायचे, मधोमध चीर द्यायची. चीर वाकडी गेली तर अक्षर फाटणार. पावसाळ्यात शाळा सुटली की हेच गृहस्थ परसात कोय कलमे बांधायला बसत. कोवळ्या रोपाचा शेंडा उडवायचा, देठ मधोमध चिरायचा, हापूसच्या काडीला पाचरीसारखे दोन काप द्यायचे आणि ती चिरीत बसवून घट्ट बांधायची. काप सपाट आला नाही तर कलम जीव धरत नाही. लेखणी ती कलम आणि आंब्याचे तेही कलमच. दोन्हींसाठी चाकू हाच. लेखणी तासायच्या चाकूला आपल्याकडे पूर्वी 'कलमतराश' म्हणत. इंग्रज त्याला 'पेननाइफ' म्हणू लागले तेही याच कारणाने. तिकडे पिसाची लेखणी त्याने तासत.

पेटीतून निघाला तेव्हा दोन्ही पाती गंजून आत रुतून बसली होती. शिवणयंत्राचे तेल सोडून दोन दिवस ठेवला, तेव्हा ती उघडली. इथवर सारे ठीक झाले. मग मला उत्साह चढला. हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिशपेपर आणला आणि एका रविवारी सकाळी बसून दोन्ही पाती आरशासारखी लखलखीत केली. घरच्यांना दाखवली, शेजाऱ्यांना दाखवली. काही महिन्यांनी लीड्सला नोकरी करणारा माझा भाचा सुटीवर आला. त्याने चाकू हातात घेतला, मोठे पाते उघडले, पात्याच्या बुडाशी मुठीला लागून जी सपाट जागा असते तिच्यावर नजर लावली आणि विचारले, "मामा, इथला ठसा कुठे गेला?"

ठसा मीच घालवला होता. तिथे काही बारीक अक्षरे होती, एवढे लहानपणापासून आठवत होते. 'शेफिल्डचा माल आहे' असे वडील म्हणत, तेही आठवत होते. पण कारागीर कोण, चाकू कोणत्या काळातला, तो वडिलांनी स्वतः घेतला की आजोबांकडून त्यांच्याकडे आला, याचा काही सुगावा देऊ शकणारी एकच जागा होती आणि ती मी स्वतःच्या हाताने घासून साफ केली होती. ज्यांना विचारावे ते आता नव्हते.

या छंदात मी पडलो तो या चुकीपासून. आज माझ्याकडे सात चाकू आहेत. संग्रह म्हणावा असे त्यात काही नाही. पण ज्यांना हा छंद नव्याने लावून घ्यायचा आहे, त्यांना माझी चूक तरी उपयोगी पडावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

धरणारा, पण न अडकवणारा

या जातीच्या चाकूला इंग्रजीत 'स्लिपजॉइंट' म्हणतात. मुठीच्या पाठीत एक लांब पोलादी स्प्रिंग असते आणि पात्याचे बूड तिच्यावर दाबून बसलेले असते. पात्यावरच्या खाचेत नख घालून ते उचलू लागलो की स्प्रिंग किंचित वाकून वाट देते. पाते पूर्ण उघडले की ती पुन्हा जागेवर बसते आणि पात्याला धरून ठेवते. धरून ठेवते, अडकवून ठेवत नाही. सारी गोम या फरकात आहे.

हिंदी सिनेमाने आपल्याला चाकू म्हणून दाखवला तो रामपुरी. तो उघडला की खटका बसतो आणि खटका सोडवल्याशिवाय पाते मिटत नाही. आपल्या खिशातल्या चाकूला खटकाच नाही. पात्याच्या पाठीवर पुरेसा जोर आला की ते मिटते, आणि मध्ये बोट असले तर बोटावर मिटते. म्हणून टोक खुपसायच्या कामाला हा चाकू निकामी, किंबहुना वापरणाऱ्यालाच धोक्याचा. याउलट धार खाली दाबून कापत राहिलो तर जोर पाते उघडे ठेवण्याच्याच दिशेने पडतो. फळ चिरावे, सुतळी तोडावी, पेन्सिलीला टोक करावे, पाकीट उघडावे, कलम बांधावे: त्याची जात ही कामे करणाऱ्याची. हा फरक कायद्यालाही कळतो. इंग्लंडमध्ये १९८८ च्या कायद्यानुसार तीन इंचांपर्यंत धार असलेला मिटता चाकू खिशात बाळगायला कारण द्यावे लागत नाही. खटक्याच्या चाकूला मात्र ही सवलत नाही.

ठशांचे गाव

शेफिल्ड हे उत्तर इंग्लंडमधले नद्या-ओढ्यांचे गाव. पाणचक्क्या फिरवायला पाणी होते, पाती घासायला योग्य असा वालुकाश्म जवळपास मिळत होता. चौदाव्या शतकात चॉसरने आपल्या एका कथेतल्या गिरणीवाल्याच्या पायमोज्यात शेफिल्डचा सुरा खोचून दाखवला आहे. म्हणजे गावाची कीर्ती तेवढी जुनी. १६२४ साली तिथल्या कारागिरांचा संघ पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाला. आपापला ठसा या संघाकडे नोंदवायचा आणि दुसऱ्याचा ठसा आपल्या मालावर मारायचा नाही, असा दंडक. अठराव्या शतकात बेंजामिन हंट्समन याने मुशीत वितळवून एकजिनसी पोलाद करण्याची रीत तिथे बसवली, आणि १९१३ साली हॅरी ब्रेअर्ली याने न गंजणारे पोलाद केले तेही शेफिल्डमध्येच. जोसेफ रॉजर्स या तिथल्या नामांकित पेढीने १८२२ साली तब्बल १८२२ पाती असलेला एक चाकू बनवला होता. तो खिशासाठी नव्हता, हे सांगायला नकोच.

पण हे गाव मोठे केले ते लहान माणसांनी. एखाद्या इमारतीत एक खोली भाड्याने घ्यायची, एक ऐरण, एक भाता, कानशींची रांग मांडायची आणि ठरलेले काम करून द्यायचे, अशा कारागिरांना तिथे 'लिटल मेस्टर' म्हणत. आपल्या भाषेत छोटे उस्ताद. कुणी पाती घडवायचा, कुणी घासायचा, कुणी मुठी बसवायचा. पाती घासणाऱ्यांच्या छातीत दगडाची धूळ जाऊन त्यातले कितीतरी तरुणपणीच दगावत. वाडवडिलांच्या खिशातल्या सुबक वस्तूला ही किंमत कुणीतरी मोजलेली आहे, हे हाती घेताना आठवावे.

या उस्तादांपैकी स्टॅन शॉ २०२१ साली वयाच्या ९४ व्या वर्षी वारले. पोरसवदा वयात शिकाऊ म्हणून कामाला लागलेल्या या माणसाने सत्तरहून अधिक वर्षे खिशातले चाकूच केले. आज शेफिल्डमध्ये असे काम करणारे मोजकेच उरले आहेत.

मुठीसाठी लागणारा माल मात्र पार जगभरातून यायचा, आणि त्यात आपल्याकडचे सांबरशिंग मोठ्या मानाचे. आपल्या घरांत सांबरशिंग सहाणेवर उगाळून लेप द्यायची रीत होती. तिकडे त्याच शिंगाच्या खडबडीत मुठी होत. आता आपल्याकडून ही निर्यात बंद आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अशा वस्तूंचा व्यापारही चालत नाही. तेव्हा नवशिक्याने हस्तिदंत वा सांबरशिंगाची मूठ कुणी विकायला आणली, तर हात जोडून परत पाठवावी. गुरांचे हाड, लाकूड, साधे प्लॅस्टिक यांच्या मुठीही उत्तम असतात.

पहिला चाकू कोणता?

माझा सल्ला असा: पहिल्या वर्षी एकच चाकू घ्यावा आणि तो रोज वापरावा. मिटलेला असताना तीन ते साडेतीन इंच, पाती एक किंवा दोन, मूठ साधी. पाच-सहा पाती असलेला चाकू दुकानात मोहात पाडतो आणि खिशात दगडासारखा लोंबतो.

सर्वांत सोपी सुरुवात म्हणजे स्विस चाकू. तांबड्या मुठीचा आणि पांढऱ्या क्रूसाचा तो चाकू बहुतेकांनी पाहिलेला असतो. त्याची नेहमीची मॉडेल्स स्लिपजॉइंटच आहेत, हे मात्र फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. कार्ल एल्सनर याने १८८४ साली इबाख या गावात कारखाना काढला आणि १८९१ पासून स्विस सैन्याला चाकू पुरवले. १८९७ च्या 'ऑफिसर' चाकूत त्याने एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची अवजारे बसवली, म्हणून इतकी हत्यारे इतक्या थोड्या जागेत मावली. त्याची पाती न गंजणारी असल्याने आपल्या पावसाळ्याला ती सोसतात.

पुढे आवड वाढली की घराणी कळू लागतात, जशी गाण्यात कळतात. लांब धातूची टोपी असलेला 'बार्लो', सरळ धारेचा शेफिल्डी 'लॅम्बफूट', गुराख्यांसाठी तीन पात्यांचा अमेरिकन 'स्टॉकमन', माळ्याचा बाकदार पात्याचा चाकू, फ्रान्समधल्या मेंढपाळांचा 'लागिओल'. प्रत्येक आकारामागे कुणाचे तरी काम आहे. माझ्या वडिलांच्या चाकूचे मोठे पाते सरळ धारेचे आहे. देठ सपाट चिरायला तेच सोयीचे, हे मला बऱ्याच उशिरा उमगले.

विकत घेताना चार गोष्टी पाहाव्यात. पाते उघडून हलक्या हाताने डावी-उजवीकडे हलवून बघावे. ते डुगडुगता कामा नये. उघडा चाकू उजेडासमोर धरून स्प्रिंग आणि बाजूच्या पट्ट्या यांच्यामध्ये फट दिसते का ते पाहावे. पाते मिटताना आत बाजूला घासते का ते पाहावे. आणि शेवटी कान द्यावा. चांगला चाकू उघडताना व मिटताना 'टक्' असा स्वच्छ आवाज करतो. मरगळलेला आवाज म्हणजे स्प्रिंग मरगळलेली. स्प्रिंग इतकी ताठही नसावी की नख मोडेल.

जुना चाकू मिळाला, तर सर्वांत आधी ठसा वाचावा. अमेरिकेतल्या केस या पेढीने १९७० पासून ठशाखाली ठिपके द्यायला सुरुवात केली. दरवर्षी एक ठिपका कमी. त्यावरून चाकूचे साल सांगता येते. म्हणजे ठसा हा त्याचा जन्मदाखलाच. म्हणून माझ्यासारखे करू नका. गंज दिसला तर तेल, मऊ कापड आणि धीर एवढेच वापरा. वरवरचा तांबडा गंज तेवढ्यानेही पुष्कळसा निघतो. जो निघत नाही तो राहू द्या.

काळे पडू द्या

न गंजणाऱ्या पात्यांच्या आधीची पाती साध्या पोलादाची असत आणि आजही तशी मिळतात. त्यांना धार चटकन लागते, पण लिंबू, कैरी, कांदा कापला की ती काळी-निळी पडतात. आपल्या घरातल्या बायकांना यात नवल वाटणार नाही. लोखंडी विळीवर कैरी चिरली की विळी काळी होते, तोच प्रकार. आंबटपणाने पोलादावर गर्द रंगाचा पातळ थर चढतो आणि तो तांबड्या गंजाला काही प्रमाणात अडवतो. छंदिष्ट मंडळींना या रंगाचे मोठे कौतुक, कारण तो विकत मिळत नाही. वापरूनच यावा लागतो.

निगा फारशी नाही. काम झाले की पाते पुसायचे, ओले मिटायचे नाही. महिन्यातून एकदा सांध्यात शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडायचा. त्याच चाकूने खाण्याचे पदार्थ कापायचे असतील, तर औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन बरे. स्वयंपाकाचे तेल मात्र नको. ते काही दिवसांनी चिकट होते आणि धूळ धरते.

धार लावणे ही या छंदातली खरी साधना. धारवाल्याच्या फिरत्या चाकावर चाकू देऊ नये. पाते तापते आणि झिजतेही फार. एक बारीक पोताचा दगड घ्यावा, तो भिजवावा. पाते दगडावर साधारण वीस अंशांत धरायचे. हा कोन कळायला कागदाचा काटकोनी कोपरा एकदा दुमडा, पुन्हा एकदा दुमडा. जो उरतो तो बावीस-तेवीस अंशांचा. तोच कोन न हलू देता एका बाजूने घासत राहायचे. दुसऱ्या बाजूला बोट धारेवरून नव्हे, तर पाठीकडून धारेकडे आडवे नेले की बारीक खरखर लागते. ती लागली की बाजू बदलायची. शेवटी जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर पाते उलट्या दिशेने, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, ओढायचे. न्हावी वस्तरा पट्ट्यावर ओढत तसे. वर्तमानपत्राचा कागद न फाटता चिरला गेला की समजावे, जमले. मला जमायला चार महिने लागले.

घरात चाकू?

आता नाजूक विषय. मी धार लावायला बसलो की सौभाग्यवती अजूनही स्वयंपाकघरातून विचारतात, "आज कुणाचा नंबर?" पहिल्याच महिन्यात मी अंगठा कापून घेतला होता. एका हाताने, ऐटीत, चाकू मिटायला गेलो होतो. दोन टाके पडले. "ही वस्तू घरात नको," असे त्या दिवशी बजावण्यात आले, आणि त्यांचे काही चुकले नव्हते. विळी, अडकित्ता, सुरी यांना घरात मान आहे, कारण त्यांचे काम सर्वांना ठाऊक आहे. खिशातल्या चाकूचे काम आपण विसरलो आणि त्याची फक्त बदनामी तेवढी लक्षात ठेवली.

म्हणून नियम पाळावेत. मिटताना मूठ दोन्ही बाजूंनी धरायची, बोटे खाचेच्या वाटेत ठेवायची नाहीत, आणि दुसऱ्या हाताने पात्याच्या पाठीवर दाब द्यायचा. काही चाकूंचे पाते अर्ध्या वाटेवर, काटकोनात, क्षणभर थांबते. ते थांबले की बोटे कुठे आहेत ते पाहून घ्यायचे. दुसऱ्याला चाकू द्यायचा तो मिटूनच.

कायद्याचेही भान हवे. आपल्या शस्त्रविषयक नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या, घरगुती वा शेतीच्या कामासाठी नसलेल्या हत्यारांना परवाना लागतो. आपला चाकू त्यात बसत नाही. तरी सण, मोर्चे, निवडणुका अशा वेळी पोलीस वेगळे मनाई हुकूम काढू शकतात. विमानात तो हातातल्या पिशवीत चालत नाही. सिनेमागृह, कचेऱ्या, शाळा, गर्दीच्या जागा इथेही तो नेऊ नये. घर, बाग, प्रवासातला डबा ही त्याची जागा. अडवले तर वाद घालू नये. चाकूपेक्षा मनःशांती मोठी.

माझी नात अकरा वर्षांची आहे. गेल्या मे महिन्यात तिने आजोबांच्या चाकूने आंबा कापायची परवानगी मागितली. घरात दोन दिवस खल झाला. सुनेचे म्हणणे, अजून लहान आहे. मुलाचे म्हणणे, स्वयंपाकघरातली सुरी ती वापरतेच की. शेवटी मी शेजारी बसायचे आणि चाकू ओट्यापलीकडे जायचा नाही, या अटीवर मंजुरी मिळाली. माझ्या वडिलांचाच चाकू मी तिच्या हाती दिला. तिने दोन्ही हातांनी पाते उघडले, आवाज ऐकून हसली आणि जिभेचे टोक दाताखाली धरून आंब्याचे दोन गाल उतरवले. एवढे लक्ष तिला अभ्यासात लावताना मी पाहिलेले नाही. चुकले तर चाकू सांभाळून घेणार नाही, हे तिला सांगावे लागले नाही. हातालाच कळत होते.

काम झाल्यावर तिने पाते धुतले. माझ्या पॉलिशपेपरनंतरच्या इतक्या वर्षांत ते पुन्हा काळे-निळे झाले आहे. तिला ते अस्वच्छ वाटले असावे. तिने तारेची घासणी उचलली आणि मी जवळजवळ ओरडलोच. ती दचकली.

"असू दे ते तसंच," मी म्हणालो.

"पण आजोबा, काळं झालंय."

मग मी तिला पात्याच्या बुडाशी ती गुळगुळीत जागा दाखवली आणि तिथे काय होते, ते का नाही, ते सांगितले. पणजोबांचे बोरू सांगितले, कलमे सांगितली. तिने त्या जागेवरून अंगठा फिरवला, पाते कोरडे पुसले आणि दोन्ही हातांनी, बोटे सांभाळून, चाकू मिटला.